वीणेचे पहारे

अखंड हरिनाम सप्ताहाच्या मंडपात रात्री तीन वाजता शिरावे. कीर्तन केव्हाच आटोपलेले असते, माणसे घरोघरी गेलेली असतात. सतरंजीच्या कडेला दोन-चार म्हातारे घोंगडी पांघरून पडलेले असतात. मधोमध एक जण गळ्यात वीणा अडकवून उभा असतो. बोट तारेवर, नाम ओठांवर. थोड्या वेळाने अंधारातून दुसरा येतो, हातपाय धुऊन, टोपी सारखी करून. दोघे एकमेकांच्या पाया पडतात. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. ती जमिनीला टेकत नाही आणि नामही तुटत नाही. पहिला माणूस घरी जाऊन झोपतो.

मंडपाच्या खांबाला एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर पहारेकऱ्यांची नावे आणि वेळा. सात दिवसांचे १६८ तास होतात. दोन-दोन तासांचे पहारे धरले, तर ८४ पाळ्या लावाव्या लागतात. गावातली जाणती माणसे हा कागद सप्ताह बसण्याआधीच तयार करतात. कोण म्हातारा आहे, कोणाला पहाटे धारा काढायला जायचे आहे, कोणाचा डोळा रात्री लवकर लागतो, हे सगळे त्यांना ठाऊक असते. सातही दिवस एकानेच उभे राहावे, असे कोणाच्या मनातही येत नाही. उभा राहून तो कोसळला, तर तो मोठा भक्त ठरणार नाही. सप्ताह लावणाऱ्यांची चूक ठरेल. अखंड राहायचे आहे नामाने. माणसाने आपली पाळी करायची आणि झोपायचे.

कामाच्या टोळ्यांच्या थकव्याची व्यवस्था लावणे हे आज एक शास्त्र झाले आहे. विमान कंपन्या, रेल्वे, खाणी, मोठी बांधकामे यांच्याकडे त्याचे नियम असतात, तक्ते असतात. किती तास काम, किती तास झोप, रातपाळ्या सलग किती, हे त्यात मांडलेले असते. या तक्त्यांच्या तळाशी मात्र एक जुना धर्मप्रश्न आहे आणि तो सुटल्याशिवाय तक्ते नुसते भिंतीवर राहतात. थकवा हा माणसाचा दोष आहे की त्याच्या देहाचे सत्य? आणि सोसण्याची ताकद ही ज्याची त्याने वाढवायची गोष्ट असेल, तर ती दुसऱ्याकडून मागण्याचा अधिकार कोणाला आहे?

महाभारताच्या द्रोणपर्वात या प्रश्नाला थेट भिडणारा एक प्रसंग आहे. चौदाव्या दिवशी जयद्रथ मारला जातो, पण सूर्य मावळल्यावरही युद्ध थांबत नाही. मशाली पेटतात, लढाई रात्री चालू राहते, घटोत्कच पडतो. तोवर दोन्ही सैन्ये झोपेने आंधळी झालेली असतात. कोणाच्या हातून शस्त्र गळते, कोणी झोपेच्या गुंगीत आपल्याच माणसावर वार करतो. तेव्हा अर्जुन साऱ्या रणभूमीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो: तुम्ही थकला आहात, तुमची जनावरेही थकली आहेत, अंधार आणि धुळीने काही दिसत नाही, तुम्हाला पटत असेल तर इथेच घटकाभर झोपा, चंद्र उगवला की पुन्हा लढू. कौरवांचे सैन्यही ते मान्य करते आणि शत्रूपक्षातले योद्धे त्याला आशीर्वाद देतात. मग कोणी घोड्याच्या पाठीवर, कोणी रथात, कोणी हत्तीच्या मानेवर, कोणी उघड्या जमिनीवर झोपी जातो.

या अर्जुनाचे एक नाव गुडाकेश. परंपरा त्याचा अर्थ निद्रा जिंकलेला असा लावते. झोपेवर ज्याचा स्वतःचा ताबा आहे, तोच इतरांच्या झोपेची काळजी करतो. मी जागा राहू शकतो, मग तुम्ही का नाही, असे तो म्हणत नाही. आपली सिद्धी तो दुसऱ्याच्या डोक्यावर नियम म्हणून ठेवत नाही. टोळीच्या प्रत्येक म्होरक्याने, प्रत्येक मुकादमाने आणि व्यवस्थापकाने हा प्रसंग मनाशी धरून ठेवावा, इतका तो मोलाचा आहे. पुढे सौप्तिकपर्वात याच महाकाव्यातले सर्वांत काळे कृत्य घडते, आणि तेही झोपेच्याच संदर्भात: अश्वत्थामा रात्री शिबिरात शिरून झोपलेल्यांना मारतो. भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरणारा अश्वत्थामा महाराष्ट्राच्या लोककथांमध्ये अजून हिंडतो आहे. झोपलेल्या माणसाला अभय असावे, हे आपल्या समाजाने किती खोलवर मानले होते, याची ती खूण आहे.

झोप एकट्याची नसते. एकाला निर्धास्त झोपायचे असेल, तर दुसऱ्या कोणीतरी जागे राहावे लागते. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, करमाडजवळ १६ मजूर रेल्वे रुळांवर झोपेत मालगाडीखाली मेले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे होते. टाळेबंदीत काम बंद पडले, म्हणून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे जाणारी गाडी भुसावळला मिळेल या आशेने रुळाच्या कडेने चालत निघाले होते. चालून चालून थकले आणि तिथेच आडवे झाले. गाड्या बंद आहेत, असा त्यांचा समज होता. चालकाला ते दिसले, त्याने गाडी थांबवायचा प्रयत्न केला, पण ती वेळेत थांबली नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांची छायाचित्रे आली. वाटेत खायला त्यांनी त्या बांधून घेतल्या होत्या. इथे झोपा, आम्ही जागे आहोत, असे त्यांना म्हणणारे त्या चाळीसेक किलोमीटरच्या वाटेवर कोणी नव्हते.

भारतीय परंपरेत सोसण्याला मोठा मान आहे, हे खरे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला शीत-उष्ण आणि सुख-दुःख सहन करायला सांगतो. या सोसण्याला तितिक्षा म्हणतात आणि तो शब्द मराठी प्रवचनांत रुजला आहे. पण हे सांगणे कोणाला आहे, ते पाहावे. जो माणूस समोर उभा आहे, त्याला त्याच्या स्वतःच्या मनाबद्दल सांगितले आहे. अर्जुनाने आपल्या सारथ्यांना, पायदळाला, हत्तींना तितिक्षा शिकवावी, असे त्यात कुठेही नाही. त्याच गीतेच्या सहाव्या अध्यायात तर मोजमापच दिले आहे: फार खाणाऱ्याला योग साधत नाही, मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, फार झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, कर्म, झोप आणि जागणे हे सगळे जेव्हा बेताने असते, तेव्हाच तो योग दुःख घालवतो.

बुद्धाच्या शिष्यांमधल्या सोणाची कथाही इथेच येते. सोण धनिक घरातला, पूर्वी वीणा उत्तम वाजवणारा. भिक्षू झाल्यावर त्याने चालत ध्यान करण्याचा असा अट्टाहास धरला की तळवे फुटून चालण्याची वाट रक्ताने माखली. तरी चित्त शांत होईना, तेव्हा घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. बुद्धाने त्याला त्याच्याच विद्येतला प्रश्न विचारला: तारा फार ताणल्या तर वीणा सुरात वाजते का? आणि फार सैल सोडल्या तर? बुद्धाने त्याला आळशी म्हटले नाही, की रक्ताळलेल्या पायांची वाहवाही केली नाही. तार ज्या वाद्याची, त्या वाद्याकडे पाहून ताण ठरवायचा, एवढे त्याला दाखवून दिले. दोन वेगळ्या परंपरांनी एकच वाद्य हाती घ्यावे, याचे नवल वाटते. सप्ताहातल्या पहारेकऱ्यांच्या कागदावरही तीच समज उतरलेली असते.

विसाव्याला धर्माज्ञेचे रूप देणारी जगातली एक जुनी परंपरा ज्यूंची. सातव्या दिवशी काम करायचे नाही, ही दहा आज्ञांपैकी एक. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात तिचे कारण दिले आहे. तू विसावा घे. तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझे गाढव आणि तुझ्या वेशीच्या आतला परका माणूस यांनाही विसावा मिळू दे, कारण तूही मिसर देशात दास होतास. ज्याला सक्तीच्या कामाची आठवण आहे, त्याने ती दुसऱ्याच्या वाट्याला येऊ देऊ नये, असा हा नियम आहे.

ही आज्ञा कोकणात पोचली होती. अलिबाग परिसरातल्या गावांत शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायल तेलाचा धंदा करीत. हिब्रू ग्रंथ त्यांच्याजवळ उरले नव्हते, भाषा मराठी झाली होती, पेहरावही शेजाऱ्यांसारखाच. पण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. शेजारच्या लोकांनी त्यांना नावच दिले, शनिवार तेली. पोथ्या हरवल्या, तरी आठवड्याची ती सुट्टी त्यांनी हरवू दिली नाही, आणि तिच्यावरूनच पुढे त्यांची ओळख पटली.

शेतकऱ्याच्या घरी हीच जाणीव पोळ्याला दिसते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाला ओढ्यावर नेऊन धुतात आणि मानेच्या ज्या जागी वर्षभर जू बसते, जिथली कातडी जाड आणि काळी झालेली असते, तिथे हळद आणि लोणी किंवा तूप चोळतात. शिंगांना रंग आणि कपाळाला बाशिंग हे दुसऱ्या दिवशी. आधी हात जातो तो भार वाहणाऱ्या जागेवर. शेतकरी त्या जागेवरून बोटे फिरवतो, तेव्हा सूज कुठे आहे, गाठ कुठे आली आहे, जू नीट बसते की घासते, हे त्याला कळते. ही पूजा आहे आणि तपासणीही. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. कितीही निकड असली तरी नाही.

माणसाच्या खांद्यासाठी असा एक दिवस मिळवायला मुंबईच्या गिरणी कामगारांना मात्र झगडावे लागले. १८८० च्या दशकात गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नसे. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक. त्यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा झाली आणि साडेपाच हजार कामगारांचे निवेदन तयार झाले. त्यातल्या मागण्या आज वाचल्या, तर थकव्याच्या व्यवस्थेचा तो पहिला मराठी आराखडाच वाटतो: रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या सुरुवातीची आणि शेवटाची ठरलेली वेळ, पगाराची ठरलेली तारीख, कामावर दुखापत झाल्यास भरपाई. रविवार हा खंडोबाचा वार, हेही या मागणीमागचे एक कारण म्हणून सांगितले जाते. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

पुढचा प्रवास संथ होता. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक सीमाच पुसली गेली. दिवसाचे काम आणखी लांबले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये ती आठवड्याला ६० तास झाली, १९३४ मध्ये ५४ आणि १९४६ मध्ये ४८. ही शेवटची पायरी आली त्या काळाच्या आधीची चार वर्षे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. साठ तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर यायला चोवीस वर्षे लागली, हे आकडे म्हणून लहान दिसते. पण एका माणसाच्या आयुष्यात ती त्याची सारी उमेदीची वर्षे असतात.

विज्ञानाने या मागण्यांना नंतर दुजोरा दिला. सतरा तास सलग जागलेल्या माणसाचे हात आणि लक्ष थोडे मद्य घेतलेल्या माणसाइतके ढिले पडतात, हे १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगाने दाखवले. मध्यरात्रीनंतर, विशेषतः दोन ते सहाच्या दरम्यान, देह स्वतःहून मंदावतो आणि इच्छाशक्तीने तो फार काळ ताणून धरता येत नाही.

नासाच्या संशोधकांनी पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या वैमानिकांवर एक प्रयोग केला. तिघांच्या चमूतल्या एकेकाला, बाकीचे दोघे विमान सांभाळत असताना, ठरवून चाळीस मिनिटे विसावा दिला. त्यांना सरासरी २६ मिनिटे झोप लागली आणि उतरण्याच्या वेळी ते विसावा न मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे सावध होते. सप्ताहातले पहारे ते हेच. याच्या उलट २२ मे २०१० ला दुबईहून आलेले विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १५८ जण मेले. चौकशीत असे दिसले की मुख्य वैमानिक उड्डाणाचा बराच काळ झोपला होता. जाग आल्यावरची गुंगी पुरती उतरण्याआधीच तो विमान उतरवत होता. झोप दोन्हीकडे होती. एकीकडे तिची वेळ ठरलेली होती, जागे राहणारे ठरलेले होते, वीणा कोणाच्या गळ्यात आहे हे सर्वांना माहीत होते. दुसरीकडे झोप आपली आपण येऊन बसली.

हे सगळे पटण्यासारखे आहे. तरी इथे थांबून एक धोका ओळखला पाहिजे. विश्रांती दिली की काम वाढते आणि अपघात टळतात, या कारणाने दिलेली विश्रांती कुठवर टिकते?

अभियंता फ्रेडरिक टेलरने अमेरिकेत लोखंडाच्या कांबी वाहणाऱ्या एका मजुराकडून दिवसाला साडेबारा टनांऐवजी साडेसत्तेचाळीस टन माल वाहून घेतला. १९११ च्या पुस्तकात त्याने त्याचे रहस्य सांगितले: मजुराला ठरावीक वेळी बसवायचे, दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ त्याच्या हातावर भार नसावा. थकव्याचा हा हिशेब अचूक होता. पण त्याच पुस्तकात तो म्हणतो की या कामाला योग्य माणूस बुद्धीने बैलासारखा असतो. इकडे खांदेमळणी करणारा शेतकरी बैलाच्या खांद्यावरून हात फिरवतो, तेव्हा उद्या नांगरट किती वाढेल हे त्याच्या मनात नसते. वर्षभर ज्याने ओढले त्याचे देणे तो देत असतो. टेलरच्या हिशेबात विसावा लोखंडासाठी होता. लोखंड वाहायला दुसरा, स्वस्त माणूस मिळाला की पहिल्याला विसावा देण्याचे कारणच संपते.

महाराष्ट्रात हे कारण कसे संपते, ते उसाच्या फडात दिसते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दर हंगामाला जोडपी निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. माणसांची मोजणीच हत्याराने होते. मुकादम आधी उचल देतो आणि ती हंगामभर तोडून फेडायची असते. पहाटेच्या अंधारात फडात जायचे, दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून चढून गाडी भरायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. स्वयंपाक, पाणी आणि पोरे बाईची, ती या सगळ्याच्या आधी आणि नंतर. एक दिवस अंथरुणाला खिळले की तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. एक कोयता खचला तर दुसरा मिळतो. म्हणून इथे विश्रांतीने उत्पादन वाढते हे शास्त्र कोणाला उपयोगाचे वाटत नाही.

बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये राज्यभर झाली आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागे कारणे अनेक होती. पण पाळीच्या त्रासात खाडा पडू नये, हेही त्यांतले एक असल्याचे स्त्रियांनीच सांगितले. देहाने विसावा मागू नये म्हणून देहाचाच भाग काढून टाकावा लागतो, ही थकव्याच्या बेबंद व्यवस्थेची शेवटची पायरी आहे.

म्हणून विसाव्याचे कारण माणसाच्या उपयोगात शोधून चालत नाही. ते माणसातच आहे, असे मानावे लागते. शनिवार तेल्यांनी ते मानले, द्रोणपर्वाने शत्रूच्या सैन्यासाठीही मानले, पोळ्याने बैलासाठी मानले. उपयोगाचा हिशेब त्याच्या मदतीला येऊ शकतो, त्याच्या जागी बसू शकत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. मजुरी टनावर असते, तेव्हा मजुरालाच जास्त काम हवे असते. हंगाम पाच-सहा महिन्यांचा, त्यात जेवढे तोडेल तेवढे मिळेल. त्याला सक्तीने बसवणे ही त्याच्या पोटावर पाय देणारी दया ठरणार नाही का? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा तास करण्याला मंजुरी दिली, तेव्हाही कामगाराच्या लेखी संमतीचा आधार दिला गेला. पण उचलीखाली वाकलेल्या माणसाची संमती ही अर्जुनाच्या तितिक्षेसारखी नसते. तप करणारा ज्या क्षणी थांबेन म्हणतो, त्या क्षणी थांबू शकतो, आणि सोणही परत जायला मोकळा होता. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्या होकाराला तप म्हणता येणार नाही. पोटाचा प्रश्न खरा आहेच. त्याचे उत्तर विसाव्याच्या दिवसाची मजुरी धरूनच दर ठरवण्यात आहे. गिरणी कामगारांनीही रविवारसोबत पगाराची तारीख आणि भरपाई मागितली होती, कारण भाकरीशिवायची सुट्टी म्हणजे उपास.

मग टोळीसाठी व्यवस्था कशी लावावी? त्यासाठी परदेशी आराखडे शोधत बसायला नको. आषाढी वारीचाच तक्ता पाहावा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर जाते. त्यातला सर्वांत मोठा टप्पा पुणे ते सासवड, जवळजवळ तीस किलोमीटरचा, मध्ये दिवे घाट. त्या टप्प्याआधी पुण्यात दोन मुक्काम असतात आणि नंतर सासवडलाही दोन. रोजच्या वाटेवर विसाव्याच्या जागा ठरलेल्या असतात आणि त्यांना विसावा असेच म्हणतात. म्हातारी माणसे ही वाट चालून जातात, ती केवळ श्रद्धेच्या बळावर जात नाहीत. घाटाआधी आणि घाटानंतर थांबायचे, हे पूर्वजांनी ठरवून ठेवल्यामुळेही जातात.

ही समज कामाच्या टोळीला लागू करायची तर चार-पाच गोष्टी पुरतात. पाळ्यांचा कागद काम सुरू होण्याआधी तयार हवा आणि तो सर्वांना दिसेल अशा जागी हवा. तो करताना टोळीतली माणसे बसलेली हवीत, कारण कोणाचा डोळा कधी लागतो हे त्यांनाच माहीत असते. सर्वांत जड कामाच्या आधी आणि नंतर मुक्काम हवा. रात्री गाडी भरली, तर दुसऱ्या सकाळची सुरुवात उशिरा व्हावी. काम दुसऱ्याच्या हाती देताना दोघे समोरासमोर यावेत: कुठे धोका आहे, काय राहिले आहे, हे तोंडाने सांगून मगच पहिल्याने जावे. झोपायला कोरडी, अंधारी, शांत जागा हवी. फडाच्या कडेच्या कोपीत ती मिळत नसेल, तर ती मिळवून देणे हा व्यवस्थेचाच भाग आहे. आणि सर्वांत कठीण पण सर्वांत आवश्यक गोष्ट म्हणजे, मी दमलो असे म्हणणाऱ्याचे पैसे कापले जाऊ नयेत. दंडाच्या भीतीने थकवा लपवला, तर बाकीचे सगळे नियम कागदावर राहतात. मंडपात कोणी येऊन आज माझ्याच्याने उभे राहवत नाही म्हणाला, तर त्याला कोणी दंड करत नाही. त्याचा पहारा दुसरा करतो.

साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा बहुतेक गळीत हंगामाच्या आधी होतात. तिथे उसाच्या दरावर, उताऱ्यावर, वाहतुकीवर तावातावाने बोलले जाते. तोडणी करणाऱ्यांच्या विसाव्याचा विषय तिथे सभासद शेतकऱ्यांनी मांडावा. मुकादमाच्या वहीत उचलीच्या रकमेशेजारी सुट्टीच्या दिवसांचा रकाना असावा, त्या दिवसांची मजुरी दरात धरलेली असावी आणि खाड्याचा दंड बंद व्हावा, असा ठराव करायला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरतो. त्या सभेत बसलेल्यांपैकी अनेकांनी आपल्या गावच्या सप्ताहात रात्रीचा पहारा केलेला असतो. पाळ्यांचा कागद कसा लिहायचा, हे त्यांना येते.